आपली लिपी परक्याने वाचावी?

प्लेटो या ग्रीक तत्त्वज्ञाने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात आपल्या दोन संवादांत बुडालेल्या अटलांटिस बेटाची कथा सांगितली. त्या बेटाची एक वीटही आजवर सापडलेली नाही. तरीही २००१ साली डिस्ने कंपनीने ‘अटलांटिस : द लॉस्ट एम्पायर’ हा चित्रपट काढला आणि ती दंतकथा जगभरच्या मुलांच्या मनात जाऊन बसली. निव्वळ मनोरंजन म्हणून तो मुलांना दाखविणाऱ्या पालकांनी त्यातील एक प्रसंग डोळसपणे पाहावा.

कथा १९१४ सालची. मायलो थॅच हा अमेरिकन भाषापंडित पाणबुडीतून त्या नगरीत पोहोचतो. तेथील राजकन्या किडा हजारो वर्षे वयाची; प्रलय तिने स्वतः पाहिलेला. पण तिला आणि तिच्या प्रजेला स्वतःचीच लिपी वाचता येत नाही! पूर्वजांचे लेख तिला वाचून दाखवतो तो मायलो. पूर्वजांचे वाहन सुरू कसे करावे, हेही तोच शिकवतो.

नगरीचा जीवनाधार असलेला स्फटिक पळवू पाहणाऱ्या भाडोत्री टोळीला चित्रपटाने खलनायक ठरविले आहे, हे मान्य. परंतु लुटारूही परका आणि ज्ञानदाताही परकाच! एतद्देशीयांनी फक्त विसरावे आणि पाश्चात्त्याने येऊन आठवण करून द्यावी, ही साम्राज्यवादी मनोवृत्ती नाही तर दुसरे काय?

वस्तुस्थिती नेमकी उलट होती. मायलोच्या त्या काल्पनिक मोहिमेच्या चारच वर्षे आधी, १९१० साली, पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली. तिचे प्रवर्तक इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव पायपीट करून मोडी कागद जमवीत होते, वाचीत होते, छापीत होते. त्यांना कोणा मायलोची गरज भासली नाही.

समुद्रतळाचीही तीच कथा. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या वतीने डॉ. एस. आर. राव यांच्या चमूने १९८०च्या दशकात द्वारकेच्या समुद्रात शोध घेतला. दगडी बांधकामांचे अवशेष आणि नांगर मिळाले. त्यांच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. म्हणूनच ते काम अर्धवट सोडणे परवडणारे नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने २०२५ साली तेथे पुन्हा शोध आरंभला, हे सुचिन्ह होय.

मात्र केवळ डिस्नेला दोष देऊन आपली सुटका होणार नाही. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे रुमालच्या रुमाल वाचकाच्या प्रतीक्षेत आहेत आणि मोडी जाणणारे मोजकेच उरले आहेत. अस्मितेच्या घोषणा देणाऱ्या किती घरांत आज मोडी वाचता येते? द्वारकेचा अभिमान बाळगणाऱ्या किती कुटुंबांतील मुले पुरातत्त्वाच्या अभ्यासाकडे वळतात? अभिमानाला अभ्यासाची जोड नसेल तर तो पोकळ ठरतो.

प्रत्येक घरातून किमान एकाने मोडी शिकावी. अन्यथा पणजोबांच्या पेटीतील कागद वाचून दाखविण्यासाठी उद्या खरोखरच एखाद्या मायलोला बोलवावे लागेल, आणि त्या वेळी दोष चित्रपटाचा नसेल.