कॅल्शियमचं सिरप आणि पोराचे गुडघे

निगडीहून चाकणला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये गप्पांचे विषय दोनच. होम लोन आणि मुलं. "आमचं पोरगं उंचीला कमीच वाटतं रे," असं कुणी म्हणालं की मागच्या सीटवरून लगेच कॅल्शियमच्या सिरपचं नाव येतं आणि विषय संपतो. गंमत बघा, दिवसभर मायक्रोमीटर घेऊन मायक्रॉनची चूक पकडणारी ही मंडळी. पण पोरगं गेल्या वाढदिवसाला किती सेंटिमीटर होतं, हे एकालाही सांगता येत नाही!

बुटकं असणं हा काही आजार नव्हे. आई-बाबाच बुटके असतील तर सहा फुटी मुलाची अपेक्षा कशाला? पण कधी कधी उंचीपेक्षा शरीराची ठेवण जास्त बोलते. मॉर्किओ सिंड्रोमचंच घ्या. अतिशय दुर्मिळ, आनुवंशिक आजार. 1929 साली उरुग्वेचे डॉ. मॉर्किओ आणि इंग्लंडचे डॉ. ब्रेल्सफर्ड यांनी त्याचं वेगवेगळं वर्णन केलं.

जन्मतः बाळ बहुधा अगदी नॉर्मल दिसतं. मग साधारण एक ते तीन वर्षांच्या दरम्यान छातीचं हाड कबुतरासारखं पुढे येतं. गुडघे एकमेकांना घासतात, चाल डुलती होते. मान आखूड, धड आखूड, त्यामानाने हात लांब वाटतात. मनगटं इतकी सैल की डब्याचं झाकणसुद्धा उघडत नाही. डोकं मात्र तल्लख! म्हणूनच घरचे निर्धास्त राहतात.

आणि गुडघे पाहून शेजारपाजारचे निदान करून टाकतात : मुडदूस. तो असेल तर व्हिटॅमिन डीने काही महिन्यांत एक्स-रेमध्ये फरक दिसतो. फरक नसेल तर पुढची बाटली आणू नका, डॉक्टरांना प्रश्न विचारा. मॉर्किओच्या नेहमीच्या 'ए' प्रकारात एक एन्झाइम कमी पडतं आणि कूर्चेत नको तो कचरा साठत जातो. लघवीची तपासणी कधी कधी नॉर्मल येते. खात्री होते ती रक्तातल्या एन्झाइमच्या टेस्टने.

एवढी घाई का? मानेमुळे. वरचे मणके अस्थिर असतात, मज्जारज्जू दाबला जाऊ शकतो. अशा मुलाला कोलांट्या नकोत, आणि कुठल्याही ऑपरेशनची भूल देण्याआधी मान तपासायलाच हवी.

एन्झाइमचं औषध 2014 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. दर आठवड्याला सलाइनमधून, तेही प्रचंड महाग; आणि वाकलेली हाडं त्याने सरळ होत नाहीत. केंद्राच्या 2021 च्या दुर्मिळ आजार धोरणाखाली मुंबईचं केईएम हे मान्यताप्राप्त केंद्र आहे.

आता जरा नाजूक मुद्दा. आई आणि बाबा दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात धोका 25 टक्के. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न कौतुकाने ठरतं; अशा नात्यात दोघांकडे तोच जीन असण्याची शक्यता वाढते. त्यावरून सुनेला बोल लावणाऱ्या सासूबाईंना सांगा, निम्मा वाटा तुमच्या चिरंजीवांचा! पहिल्या मुलात निदान झालं असेल, तर दुसऱ्या बाळाचा विचार करण्याआधीच जेनेटिक काउन्सेलरला भेटा. गर्भातही तपासणी करता येते.