नुसते ओठ हलव!

फराळाच्या ताटाशी बसलेल्या वाचकाला कडू घास देऊ नये, असा आपल्याकडे संकेत आहे. पण नरकचतुर्दशीला पहाटे कारीट फोडून त्याचा कडू थेंब आपण जिभेला लावतोच ना? तेव्हा माझे हे कारीटही वाचकांनी गोड मानून घ्यावे.

मी मॅट्रिकच्या पुढे शिकलेलो नाही. कादंबऱ्या लिहितो, आणि पेटी वाजवता येते म्हणून एका खासगी माध्यमिक शाळेत संगीताचे तास घेतो. वीस वर्षांच्या ह्या चाकरीच्या बळावर मी छातीठोकपणे सांगतो, की आपल्या बहुतेक शाळांतून संगीत शिकवले जात नाही. संगीतासाठी मुले निवडली जातात. स्नेहसंमेलन जवळ आले, की पन्नासांतून दहा गोड गळे वेचायचे, त्यांना ध्वनिक्षेपकापुढे उभे करायचे आणि उरलेल्या चाळिसांना मागच्या रांगेत शोभेला ठेवायचे. त्यांतला कुणी बेसूर निघाला, तर त्याच्या कानाशी लागून सांगायचे, "तू नुसते ओठ हलव."

हे वाक्य मी स्वतः उच्चारलेले आहे. मुलगा आठवीतला. त्याचा आवाज फुटत होता, षड्ज लावू जाता गळा भलतीकडेच घसरत होता. त्याने माझे ऐकले आणि निमूटपणे ओठ हलवले. पुढे बऱ्याच वर्षांनी तो मला गणेशोत्सवात भेटला. आरतीच्या वेळी झांज हातात, तोंड मात्र बंद. मी सहज विचारले, तर म्हणाला, "सर, मी अजून ओठच हलवतो." तो हसला. मला हसता आले नाही.

अशा आमच्या शाळेत चार वर्षांपूर्वी कुणा दानशूर गृहस्थांनी बारा टॅब्लेट दिले. हारतुरे झाले, छायाचित्रे निघाली आणि टॅब्लेट कपाटात गेले. किल्ली कारकुनाच्या कमरेला! कुणी पाहुणे आले, की ते बाहेर यायचे, पुसले जायचे आणि पुन्हा कुलपात जायचे. अभ्यासाचे विषय आणि कला ह्यांच्यामध्ये भिंत नसावी, असे 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सांगितले आहे. आमच्याकडे भिंत नव्हती हे खरे. लोखंडी कपाट होते.

ते कपाट उघडा म्हणून मी मागे लागलो, तेव्हा माझ्यावर दोन्ही बाजूंनी तोफा सुटल्या. पहिले परंपरेचे कैवारी. "यंत्राने गळा बिघडतो, मास्तर!" ह्या मंडळींना मी नम्रपणे विचारतो, की आपल्या मांडीपुढची पेटी कुठल्या ऋषींनी घडवली? तीही युरोपातूनच आली. 1940 साली आकाशवाणीने तिला बंदी केली आणि ती बंदी 1971 पर्यंत सैल झाली नाही. तरी आज पेटीवाचून आपले भजन उभे राहत नाही. त्यांचा एक आक्षेप मात्र खरा आहे. काचेवरच्या पट्टीतून मींड निघत नाही, आणि तिचा शुद्ध गंधार तंबोऱ्यात ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा अर्ध्या स्वराच्या शंभर भागांपैकी सुमारे 14 भाग चढा असतो. पण हा दोष आजच्या पेटीतही आहेच! तेव्हा गळा तंबोऱ्यावर जुळवावा, हे मला मान्य. पण पन्नास मुलांना मिळून काही वाजवायचे असेल, तर पन्नास तंबोरे आणणार कोण?

दुसरे नवमताचे पुरस्कर्ते. ह्यांचे म्हणणे, प्रत्येक मुलाला एक टॅब्लेट आणि कानाला हेडफोन द्या. तो आपापला शिकेल, सूर बरोबर लागला की पडद्यावर तारा चमकेल. चमकेल, नाही कोण म्हणतो? पण शेजारच्या बाकावरचा काय गातो आहे, हे ज्याला ऐकू येत नाही त्याला मी संगीत शिकला असे म्हणणार नाही. विष्णु दिगंबर पलुसकरांनी 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि गाणे चार भिंतींतल्या मोजक्या शिष्यांपुरते न ठेवता वर्गात आणले, ते काय एकेकाचे कान बंद करण्यासाठी?

अखेर मुख्याध्यापकांनी मला आठवड्याचा एक तास आणि दहा टॅब्लेट दिले. मुले पन्नास, म्हणजे पाच जणांत एक. ही टंचाई पुढे माझ्या पथ्यावरच पडली, कारण पाच जणांना एकमेकांचे ऐकावेच लागते. पडद्यावर पेटीच्या पट्ट्यांचे चित्र आणले आणि एकच नियम घातला: पांढरीला बोट लावायचे नाही. सप्तकात काळ्या पट्ट्या पाच. काळी तीनला षड्ज धरला, की त्या पाचांत भूपाचे स्वर मिळतात. काळी एकला धरला, तर दुर्गाचे. काळी पाचला धरला, तर मालकंसाचे. राग म्हणजे नुसते स्वर नव्हेत, हे मला पुरते ठाऊक आहे. पण ह्या पाच पट्ट्यांवर कुणाचेही बोट चुकून पडले, तरी कानाला खुपत नाही. बेसूर ठरण्याची भीती अशी पहिल्याच दिवशी वर्गाबाहेर गेली.

मग वाटण्या केल्या. दोन गट षड्ज आणि पंचम धरून राहतात. दोन गट केरव्याच्या आठ मात्रा वाजवतात. चार गट चार स्वरांची छोटी ओळ आळीपाळीने म्हणतात, म्हणजे वाजवतात. उरलेले दोन गट टॅब्लेट खाली ठेवून गातात. पुढच्या तासाला कामे बदलायची.

पहिले दोन आठवडे वर्गाचा आठवडी बाजार झाला होता, हे कबूल केले पाहिजे. शेजारच्या गणिताच्या बाई दोनदा दारात येऊन गेल्या. केरवा तर जुळेचना. मग उमगले, की बिनतारी स्पीकरमधून आवाज क्षणभर उशिरा येतो आणि तेवढ्या उशिरात सम निसटते. तो तारेने जोडला, आणि तिसऱ्या आठवड्यात पन्नास मुले एका समेवर आली. वीस वर्षांत माझ्या वर्गात असे प्रथमच घडले.

ह्या वर्षी आठवीत तसाच आवाज फुटलेला एक मुलगा आहे. त्याला मी खर्जाचा षड्ज धरायला दिला. पट्टीवर बोट ठेवून तो नुसता बसे. एक दिवस पाहतो, तर बोटाखालचा स्वर तो तोंडाने गुणगुणतो आहे. जाड, खरखरीत, पण नेमका. वर्गात कुणी हसले नाही. हसायला कुणाला सवडच नव्हती. जो तो आपली मात्रा सांभाळत होता.

टॅब्लेट आला म्हणून संगीत आले, असे मी म्हणत नाही. कपाटात ठेवला तर तो पाटीहून निरुपयोगी, आणि कानाला चिकटवला तर पाटीहून घातक. सगळ्या वर्गाच्या हाती तो एका वेळी पडला, तरच त्याचा उपयोग. म्हणून पालकहो, शाळेला आता एवढेच विचारा: ह्या आठवड्यात माझ्या मुलाने इतरांबरोबर एक तरी सूर काढला का? किती टॅब्लेट घेतले, हे सांगू लागले तर ऐकू नका.

आणि शाळेची वाट तरी कशाला पाहायची? भाऊबीजेला सगळे जमतीलच. मुलांच्या हातातला तो चौकोनी दिवा मध्ये ठेवा, काळ्या पट्ट्या दाखवा आणि आजीला गायला सांगा. घरात कुणी बेसूर असलाच, तर काळी तीन त्याच्या बोटाखाली द्या. ओठ हलवायला मात्र त्याला सांगू नका.