सभागृहाच्या कोठडीत न्यायमूर्ती?

न्यायमूर्तींना ताब्यात घेऊन सभागृहापुढे उभे करा, असा ठराव एखादी विधानसभा करील, ही कल्पनाही असह्य वाटते. परंतु मार्च १९६४ मध्ये उत्तर प्रदेशात हे घडले. हक्कभंगासाठी ७ दिवसांची कैद झालेल्या केशवसिंहांना जामीन दिला, एवढाच दोघा न्यायमूर्तींचा अपराध! अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या २८ न्यायमूर्तींनी एकत्र बसून तो ठराव रोखला. पुढे सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांच्या पीठाने ६ विरुद्ध १ मतांनी न्यायमूर्तींची बाजू उचलून धरली. न्यायाधीशांच्या कर्तव्यपालनाची विधिमंडळात चर्चाही करू नये, असे घटनेचे २११ वे कलम सांगते. मग अटक कोठली? पण त्याच उच्च न्यायालयाने १९६५ मध्ये केशवसिंहांची याचिका फेटाळली! सभागृहाचा अधिकार न्यायालयाने नाकारला नव्हताच. तो तपासण्याचा आपला अधिकार तेवढा राखला होता.