शिवराकाच्या रात्रीची कैफियत

सोमवारी शिवराक म्हणजे गृहिणीला विश्रांती, असे म्हणणारे सद्गृहस्थच त्या रात्री पानात दोन भाज्या, उसळ आणि खीर मागतात, हे आम्हांस मान्य नाही. मासळी सोडली म्हणून तिची भरपाई चार पदार्थांनी वसूल करण्याचा अधिकार कोणत्या शास्त्राने दिला? नीरफणसाचे, नाही तर वांग्याचे काप आणि वरणभात एवढ्यावर जेवण पुरे होते. फोडींना मीठ, हळद, तिखट लावून थोडा वेळ ठेवावे. सुटलेल्या पाण्यावरच रवा चिकटतो. मात्र तो तव्यावर घालतेवेळीच लावावा, आधी लावल्यास भिजून सुटतो. सुरण असल्यास आमसुलाच्या पाण्यात बुडवावा, एरवी घसा फिर्याद करील. कढईभर तेल नको. तव्यावर दोन चमचे सोडून मंद आचेवर दोन्ही बाजू खरपूस कराव्यात. काप हे तोंडीलावणे, जेवण नव्हे, असा युक्तिवाद होतो. मग इसवणाची तळलेली तुकडी पानातली मुख्य कशी ठरते? रवा तोच, तवा तोच, तिखट तेच. एवढ्यावरही ज्यांचे समाधान होत नाही, त्यांनी पुढल्या सोमवारी विळीवर स्वतः बसून, हातांवर चीक घेत, नीरफणस सोलावा. खिरीचे मग पाहू.