संपाला मनाई, पण संवादाचे काय?

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार श्रमसंहिता देशभर लागू झाल्या. त्यांपैकी औद्योगिक संबंध संहितेने एक जुनी उणीव भरून काढली. कामगारांच्या वतीने व्यवस्थापनाशी बोलणी कोणी करायची, हे आता केंद्रीय कायद्यानेच ठरवून दिले आहे. एकाहून अधिक संघटना असतील तेथे ५१ टक्के कामगारांचे पाठबळ असलेली संघटना एकमेव वाटाघाटीकार ठरेल. असे बहुमत कोणाकडेच नसेल, तर किमान २० टक्के पाठबळ असलेल्या संघटनांच्या प्रतिनिधींची परिषद बसेल. कारखान्याच्या दारात ही सुधारणा पोहोचली, हे स्वागतार्हच आहे. परंतु शासनाची सार्वभौम कार्ये या संहितेतील ‘उद्योगा’च्या व्याख्येबाहेर आहेत. त्यामुळे तहसील कचेरीतल्या अव्वल कारकुनाला या तरतुदीचा लाभ नाही. वर्तणूक नियमांनी त्याला संपाची मनाई आहे आणि शासनाने त्याच्याशी बोललेच पाहिजे, असे बंधन घालणारा कायदाही नाही. ही कोंडी नवी नाही. साठ वर्षांहून अधिक काळ ती न्यायालयांच्या दारी जात आली आहे आणि प्रत्येक वेळी निम्माच प्रश्न सुटला आहे.

या प्रवासातील पहिला महत्त्वाचा टप्पा १९६१ सालचा. बँकांना आपल्या गुप्त गंगाजळीचे आकडे लवादापुढे उघड न करण्याची मुभा देणारे कलम १९६० मध्ये बँकिंग कायद्यात घालण्यात आले. हिशेबच झाकलेला असेल तर पगारवाढीची वाटाघाटी करायची कशी, असा बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेचा सवाल होता. सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला नाही. संघटना स्थापन करण्याचे स्वातंत्र्य घटनेच्या एकोणिसाव्या अनुच्छेदाने दिले आहे. पण त्या स्वातंत्र्यात परिणामकारक सामूहिक वाटाघाटीची किंवा संपाची हमी अंतर्भूत नाही, असे न्यायालयाने सांगितले. पुढच्याच वर्षी बिहार सरकारच्या वर्तणूक नियमांविरुद्धचा कामेश्वर प्रसाद खटला निकाली निघाला. शांततापूर्ण निदर्शनांवरील सरसकट बंदी घटनाबाह्य ठरली. संपावरील बंदी मात्र कायम राहिली.

तिसरा खटला मुंबईचा आहे आणि मराठी वाचकाने तो आवर्जून लक्षात ठेवावा असा आहे. केंद्राच्या लेखापरीक्षा खात्यातील मुंबईच्या एका कर्मचाऱ्यावर, मान्यता काढून घेतलेल्या संघटनेत राहिल्याबद्दल आणि १९६०च्या संपाच्या वेळी निदर्शने केल्याबद्दल कारवाई सुरू झाली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेले. तेथे निकालपत्र लिहिले ते न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी. सरकारची मान्यता नसलेल्या संघटनेत राहू नये, हा नियम त्यांनी रद्दबातल ठरवला. संघटना असावी की नसावी, हे मालकाच्या मर्जीवर सोडता येणार नाही, हा त्या निकालाचा मथितार्थ होता. याच गजेंद्रगडकरांनी पुढे १९६६ ते १९६९ या काळात पहिल्या राष्ट्रीय श्रम आयोगाचे अध्यक्षपद भूषवले, हा योगायोग अर्थपूर्ण आहे.

या तीन निकालांचा हिशेब मांडला तर चित्र स्पष्ट होते. सरकारी कर्मचाऱ्याने संघटना करावी, निदर्शने करावीत. संप मात्र करू नये. इथपर्यंत कोणाही राष्ट्रहितदक्ष नागरिकाला खटकण्याजोगे काही नाही. शासन हा काही नफ्यासाठी चालणारा कारखाना नव्हे. तेथील काम थांबले की तोटा मालकाला होत नाही, तो सामान्य माणसाला होतो. प्रश्न उरतो तो पुढचा. संघटना आहे, पण तिचे म्हणणे ऐकून घेण्याचे बंधन कोणावरच नसेल, तर त्या संघटनेचा उपयोग काय?

या प्रश्नाची सर्वांत कटू प्रचिती २००३च्या जुलैमध्ये तामिळनाडूत आली. निवृत्तिवेतन आणि अन्य लाभांतील कपातीविरुद्ध तेथील कर्मचारी आणि शिक्षक २ जुलैपासून संपावर गेले. जयललिता सरकारने ४ जुलैला अध्यादेश काढून आपला अत्यावश्यक सेवा कायदा अधिक कठोर केला आणि काही दिवसांतच दीड लाखाहून अधिक लोकांना नोकरीवरून काढून टाकले. चौकशी नाही, म्हणणे मांडण्याची संधी नाही. सुमारे २,२०० कर्मचारी अटकेत गेले. मद्रास उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने याचिकाकर्त्यांना प्रशासकीय न्यायाधिकरणाचा रस्ता दाखवला. सर्वोच्च न्यायालयाने मात्र, अशा असाधारण परिस्थितीत उच्च न्यायालयाने स्वतः लक्ष घालायला हवे होते, असे म्हटले. हजारो लोकांना एकाच वेळी न्यायाधिकरणाकडे पाठवणे म्हणजे न्याय लांबणीवर टाकणे, हे त्यामागचे व्यावहारिक शहाणपण होते.

परंतु ६ ऑगस्ट २००३चा टी. के. रंगराजन खटल्यातील निकाल आज ओळखला जातो तो वेगळ्याच वाक्यासाठी. सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा मूलभूत, वैधानिक किंवा नैतिक असा कोणताही हक्क नाही, असे न्यायमूर्ती एम. बी. शहा आणि ए. आर. लक्ष्मणन यांच्या पीठाने निःसंदिग्ध शब्दांत सांगितले. बिनशर्त माफी आणि हमीपत्र यांच्या बदल्यात बहुसंख्य कर्मचारी कामावर परतले. अटक झालेल्यांचा आणि गुन्हे दाखल असलेल्यांचा प्रश्न मागे राहिला. तो सुटला न्यायालयाबाहेर. २००४च्या मे महिन्यात लोकसभेच्या निकालांत अण्णाद्रमुकला एकही जागा मिळाली नाही आणि त्यानंतर लगोलग राज्य सरकारने कर्मचाऱ्यांवरील कारवाई मागे घेतली. हा न्यायाचा विजय म्हणता येणार नाही. न्यायालयात माफीपत्राने आणि मतपेटीत धसक्याने मिटलेले प्रश्न मुळातून सुटत नाहीत.

रंगराजन निकालावर डाव्या संघटनांनी मोठा गहजब केला. त्यांच्या दृष्टीने संप हे वर्गसंघर्षाचे शस्त्र. ते म्यान करायला सांगणारा तो शत्रू. ही भूमिका भारतीय मनाला पटणारी नाही. विदर्भातील आर्वीचे सुपुत्र दत्तोपंत ठेंगडी यांनी १९५५ मध्ये लोकमान्यांच्या जयंतीदिनी भारतीय मजदूर संघाची स्थापना केली, ती संघर्षाऐवजी औद्योगिक कुटुंबाची कल्पना मांडूनच. कुटुंबात हक्क आणि कर्तव्य एकमेकांना धरून चालतात. पण म्हणूनच कुटुंबप्रमुखावरील जबाबदारीही मोठी असते. घरात कोणी रुसायचे नाही असा दंडक घालणाऱ्या वडीलधाऱ्याने आपल्या दाराला आतून कडी लावून चालत नाही. संप निषिद्ध मानणाऱ्या शासनाने हे ध्यानात घेतले पाहिजे. श्रमसंहितांपैकी वेतन आणि सामाजिक सुरक्षा संहितांचे स्वागत करणाऱ्या मजदूर संघाने औद्योगिक संबंध संहितेतील काही तरतुदींबाबत आक्षेप नोंदवले, ते याच भूमिकेतून. सरकार कोणाचे आहे हे पाहून श्रमिकांचा प्रश्न बदलत नसतो.

संवादाची रचना आपल्याला अपरिचित आहे, असेही नाही. १९६०च्या संपाने धडा दिल्यानंतर केंद्र सरकारने १९६६ मध्ये संयुक्त सल्लागार यंत्रणा उभारली. राष्ट्रीय परिषदेच्या अध्यक्षस्थानी मंत्रिमंडळ सचिव, खाली विभागीय आणि कार्यालयीन परिषदा, असा तिचा आराखडा आहे. वेतन व भत्ते, कामाचे साप्ताहिक तास आणि रजा या विषयांवर मतभेद राहिले, तर सक्तीच्या लवादाची तरतूद आहे. संसदेचा अंतिम अधिकार अबाधित ठेवून लवादाचा निवाडा दोन्ही पक्षांवर बंधनकारक मानला जातो. कल्पना उत्तम आहे. परंतु ही योजना आहे, कायदा नाही. बैठक वेळेवर झाली नाही तर कर्मचाऱ्याला दाद मागता येत नाही, आणि राज्यांच्या कर्मचाऱ्यांना तर हे छत्रही लाभलेले नाही.

या बाबतीत कॅनडाचे उदाहरण बोलके आहे. संघटनास्वातंत्र्यात संपाचा हक्क येत नाही, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये म्हटले होते. सास्कॅचेवान प्रांताने २००८ मध्ये कायदा करून कोणते कर्मचारी अत्यावश्यक, हे ठरवण्याचा एकतर्फी अधिकार स्वतःकडे घेतला, तेव्हा प्रकरण पुन्हा न्यायालयात गेले. ३० जानेवारी २०१५ रोजी पाच विरुद्ध दोन अशा बहुमताने तो कायदा घटनाबाह्य ठरला. रुग्णालये बंद पाडण्याची मुभा न्यायालयाने दिलेली नाही. संप रोखायचा असेल तर त्याच्या जागी अर्थपूर्ण आणि निःपक्ष असा तंटा सोडवण्याचा मार्ग द्यावा लागेल, एवढेच त्याने बजावले. आपल्याकडे संपाच्या हक्काबाबत न्यायालयाची भूमिका वेगळी आहे आणि ती वेगळी राहायलाही हरकत नाही. परंतु हा दुसरा भाग उचलायला घटनादुरुस्तीची गरज नाही. विधिमंडळाचा एक कायदा पुरेसा आहे.

तो कायदा नसल्याची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. १९७७-७८ मध्ये राज्य कर्मचाऱ्यांचा संप ५४ दिवस चालला. अलीकडे, १४ मार्च २०२३ पासून जुन्या निवृत्तिवेतनासाठी लाखो कर्मचारी सात दिवस संपावर गेले. त्याच सुमारास अवकाळी पावसाने रब्बी पिके झोडपली होती आणि पंचनाम्याला माणूस नव्हता. आडव्या झालेल्या गव्हाकडे पाहत बांधावर उभ्या राहिलेल्या शेतकऱ्याचा या वादाशी काय संबंध होता? कर्मचारी संघटनांनी या प्रश्नाचे उत्तर स्वतःलाच द्यायला हवे. ज्याच्या करातून वेतन मिळते, त्यालाच वेठीस धरून मिळवलेला लाभ कायदेशीर असला तरी प्रतिष्ठेचा नसतो.

त्याच वेळी शासनाकडेही एक प्रश्न जातो. विधिमंडळाने अत्यावश्यक सेवांचा कायदा संमत करण्याची तत्परता दाखवली. पण संप मिटला तो त्या कायद्याने नव्हे, तर चर्चेने. समिती नेमली गेली, आणि २०२४च्या ऑगस्टमध्ये केंद्रापाठोपाठ महाराष्ट्रानेही एकीकृत निवृत्तिवेतन योजना स्वीकारली. नवी निवृत्तिवेतन पद्धत राज्यात १ नोव्हेंबर २००५ पासून लागू आहे. म्हणजे तक्रारीला अठरा वर्षे होत आली होती. जी समिती सात दिवसांच्या संपानंतर कामाला लागली, ती सात वर्षे आधी का बसू नये?

उत्तर अवघड नाही. राज्याने कर्मचाऱ्यांसाठी वाटाघाटींची वैधानिक परिषद स्थापन करावी. तिच्या बैठकांना आणि उत्तरांना मुदत असावी. मुदत संपली की प्रश्न आपोआप निवृत्त न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखालील लवादाकडे जावा आणि निवाडा नाकारायचा असेल, तर शासनाने त्याची कारणे विधिमंडळापुढे ठेवावीत. बदल्यात संघटनांनी संपाचा मार्ग सोडल्याचे वचन द्यावे आणि ते पाळावे. तिजोरीवरील अंतिम अधिकार लोकप्रतिनिधींचाच राहील. फक्त तो चर्चा टाळण्याची सबब म्हणून वापरता येणार नाही.

संप हा हक्क नाही, असे न्यायालयाने २००३ मध्ये सांगितले. ते मान्य केले, तर ऐकून घेणे हे शासनाचे कर्तव्य ठरते. या कर्तव्याला कायद्याचे रूप मिळेल, त्या दिवसापासून कर्मचाऱ्याला रस्त्यावर उतरण्याचे आणि शेतकऱ्याला पंचनाम्यासाठी ताटकळण्याचे कारण उरणार नाही.