आधी आकडेमोड दाखवा!

संगणकातून निष्कर्ष निघाला की त्यापुढे मान तुकवायची, असे एक नवे 'बाबा वाक्यं प्रमाणम्' विज्ञानाच्या प्रांतात शिरले आहे. जीवशास्त्रात तर विशेषच. आज एका रुग्णाच्या गाठीतून हजारो जनुकांचे आकडे निघतात आणि त्यांचा अर्थ संगणकाची आज्ञावली लावते. आकडे कोणत्या रकान्यातून कोठे गेले, हे मात्र शोधनिबंध वाचणाऱ्याला अनेकदा दाखवलेच जात नाही. मग चूक पकडायची कोणी, हा आमचा सवाल आहे.

अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाचे प्रकरण यासाठी मुळातून पाहिले पाहिजे. कोणत्या कर्करुग्णाला कोणती केमोथेरपी लागू पडेल हे जनुकांवरून आधीच सांगता येते, असा दावा अनिल पोट्टी आणि जोसेफ नेविन्स यांच्या गटाने २००६ साली 'नेचर मेडिसिन'मध्ये केला. केवढी मोठी आशा! ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्रातील किथ बॅगर्ली आणि केव्हिन कूम्ब्स या संख्याशास्त्रज्ञांनी तीच आकडेमोड करून पाहिली. उत्तर जुळेना. निबंधात कृती पुरती दिलेलीच नव्हती, तेव्हा उत्तरावरून उलट पावली जाऊन ती शोधावी लागली. सापडले काय? यादीतील जनुकांची नावे एका ओळीने सरकलेली. काही ठिकाणी 'औषध लागू पडते' आणि 'लागू पडत नाही' या खुणांचीच अदलाबदल. गुणपत्रिकेत असे झाले तर पास झालेला पोरगा नापास ठरतो. येथे तर निरुपयोगी औषध रुग्णाच्या शिरेत जाण्याचा धोका होता.

या दोघांनी २००७ सालीच जाहीर आक्षेप घेतला. तरीही रुग्णांवर चाचण्या झाल्या. शंभराहून अधिक रुग्ण त्यांत दाखल झाले. २००९ साली सविस्तर टीका छापून आली, तीही संख्याशास्त्राच्या नियतकालिकात. चाचण्या थांबल्या, विद्यापीठाने चौकशी केली आणि २०१० च्या सुरुवातीस पुन्हा सुरू केल्या. बॅगर्ली यांचा नवा आक्षेप बाहेरून बोलावलेल्या परीक्षकांच्या हाती पडलाच नव्हता, हे पुढे उघड झाले.

मग चाचण्या थांबल्या कशाने? जुलै २०१० मध्ये 'द कॅन्सर लेटर'ने छापले की, पोट्टी यांनी ऱ्होड्स शिष्यवृत्तीचा खोटा दावा केला आहे. काही दिवसांतच सूत्रे हलली! तीन वर्षे गणित ओरडून सांगत होते, ते कोणाला ऐकू गेले नाही. बिरुद खोटे निघाले तेव्हा विद्वानांची झोप उडाली. म्हणजे इतके दिवस विश्वास कशावर होता, आकड्यांवर की बिरुदावर? निबंध २०११ च्या जानेवारीत मागे घेतला गेला. पोट्टी यांनी संशोधनात गैरवर्तन केल्याचा सरकारी निष्कर्ष २०१५ साली आला.

सगळेच असे लबाड असतात, असे आम्ही म्हणत नाही. प्रामाणिक माणसाचीही फसगत होते. एक्सेलमध्ये 'मार्च१' हे जनुकाचे नाव टाकले की त्याची आपोआप १ मार्च ही तारीख होते. २०१६ च्या एका पाहणीत, एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेल्या निबंधांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत असा घोळ आढळला. अखेर २०२० साली नामकरण समितीने जनुकांचीच नावे बदलल्याचे जाहीर केले. दुखणे म्हशीला नि इंजेक्शन पखालीला! पण हा घोळ उघडकीस आला, कारण त्या याद्या निबंधासोबत जाहीर होत्या.

ड्यूक प्रकरणानंतर अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१२ साली मूळ आकडे आणि आज्ञावली दोन्ही खुली करण्याची शिफारस केली. तेथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०२३ पासून, आपल्या पैशावर चालणाऱ्या संशोधकांना आकडे जपण्याची व खुले करण्याची योजना आधीच सादर करायला लावली आहे. आज्ञावली खुली करण्याची सरसकट सक्ती मात्र त्या धोरणातही नाही.