वजीर गेला तरी उठू नये



आमच्या वर्गात बुद्धिबळाचा एकच पट आहे. मधल्या सुट्टीत खेळायला १५-१६ मुले जमतात. म्हणून आम्ही एक नियम केला आहे. ज्याचा वजीर मेला त्याने उठायचे आणि पुढच्याने बसायचे. हा नियम मला पटत नाही. का पटत नाही ते मी इथे लिहिते.

आधी मी याच नियमाच्या बाजूची होते. कारण मी पुष्कळदा जिंकायचे. समोरच्याचा वजीर मारला की मी ओरडायचे, 'ऊठ, ऊठ, गेला तुझा वजीर!' मग तो बिचारा तोंड पाडून उठायचा.

गणपतीच्या सुट्टीत मी आबांबरोबर खेळले. आबा म्हणजे माझे आजोबा. मी त्यांचा वजीर मारला आणि म्हणाले, 'आबा, उठा आता.' आबा म्हणाले, 'आगं, मात कर की. मात झाली की उठतो.' मी त्यांचे दोन्ही हत्ती मारले. घोडे, उंट, सगळे मारले. त्यांचा राजा कोपऱ्यात एकटा उरला. माझ्याकडे वजीर होता, हत्ती होता. मला वाटलं, झालंच आता. मी ऐटीत वजीर पुढे नेला. आबा हसले आणि म्हणाले, 'आता मी कुठं जाऊ सांग?'

मी बघितलं तर राजाला शह नव्हता. पण त्याला हलायला एकही घर नव्हते आणि आबांकडे दुसरे मोहरेही नव्हते. असे झाले तर डाव बरोबरीत सुटतो. मला रडूच आलं. एवढी मोहरी मारून मी जिंकले नाही.

शाळा सुरू झाल्यावर मी गुरुजींना विचारले. त्यांनी फळ्यावर पट काढला. कोपऱ्यातल्या राजापासून घोड्याच्या उडीवर वजीर ठेवला की राजाची तिन्ही घरे बंद होतात, पण शह बसत नाही. मी तेच केले होते. मग मला कळले की मला मात करायला येतच नाही! कशी येणार? आमच्यात वजीर मेला की सगळे उठूनच जातात. म्हणजे या नियमाने हरणाऱ्याचे नुकसान होते आणि जिंकणाऱ्याचेही होते.

गुरुजींनी एक खरा डाव सांगितला. १९६३-६४ सालच्या अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेत लॅरी इव्हान्स आणि सॅम्युएल रेशेव्हस्की खेळत होते. इव्हान्स हरत आला होता. त्याच्या राजाला हलायला जागा नव्हती, प्यादी अडलेली होती. त्याने काय केले, तर आपला वजीर मुद्दाम शह देऊन मारायला दिला. मग हत्तीने शह दिला. तो हत्ती मारला तर इव्हान्सकडे एकही चाल उरत नव्हती, म्हणजे बरोबरी. नाही मारला तर हत्ती शह देतच राहणार, म्हणजे पुन्हा बरोबरीच. तो डाव बरोबरीत सुटला. इव्हान्स आमच्या वर्गात असता तर वजीर दिल्याबरोबर आम्ही त्याला उठवले असते.

दुसरी गोष्ट आपल्या देशातल्या खेळाडूची आहे. त्याचे कात्रण गुरुजींनी फळ्याशेजारी लावले आहे. १ जून २०२५ रोजी नॉर्वे देशात गुकेश आणि मॅग्नस कार्लसन यांचा डाव झाला. गुकेश २०२४ साली १८ व्या वर्षी जगज्जेता झाला होता. कार्लसन तर पूर्वी पाच वेळा जगज्जेता झालेला. त्या डावात बराच वेळ गुकेशच हरत होता. पण तो चिवटपणे खेळत राहिला. शेवटी वेळ कमी उरला, कार्लसनची घोड्याची चाल चुकली आणि गुकेश जिंकला. कार्लसनने रागाने टेबलावर मूठ आपटली. एवढा मोठा खेळाडू चुकतो, तर आपल्यासमोर बसलेला चौथीतला मुलगा चुकणार नाही का?

माझा शेजारी म्हणतो, 'मोठे खेळाडूसुद्धा डाव सोडतात. हरलेला डाव धरून बसणे म्हणजे चिकटपणा.' त्याचे थोडे खरे आहे. मोठे खेळाडू डाव सोडतात, कारण पुढे काय होणार ते दोघांनाही पक्के माहीत असते. आपल्याला कुठे माहीत असते? आणि खेळत राहिले की दर वेळी वाचतो असेही नाही. असा डाव शंभरात नव्व्याण्णव वेळा आपण हरलो असतो, असे गुकेशनेच नंतर सांगितले. मीसुद्धा नंतर आबांशी पाच डाव हरले. पण आता वजीर गेला तरी मी तीन गोष्टी बघते. माझे एखादे प्यादे शेवटच्या घरी जाऊन वजीर होईल का? समोरच्याचे एखादे मोहरे फुकट मिळेल का? आणि माझ्या सगळ्या चाली बंद होऊन बरोबरी होईल का? हे बघताना हरल्याचे रडू येत नाही.

शेजारी असेही म्हणतो, 'मग बाकीच्यांनी कधी खेळायचे?' हे मात्र खरे आहे. त्यावर माझा उपाय असा. खोक्याच्या पुठ्ठ्यावर ६४ घरे आखून आपण आणखी तीन पट करू. मोहऱ्यांसाठी बाटल्यांची बुचे आणि चिंचोके घेऊ, वर नावे लिहू. पालकांना विनंती आहे की घरी जाड पुठ्ठा असेल तर शाळेत पाठवून द्यावा.

आणि तो नियम बदलावा. वजीर मेला म्हणून कोणी कोणाला उठवू नये. मात झाल्यावरच उठावे.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी